सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांसाठी जुनी मोटरसायकल : इम्पल्स, एक्सपल्स की हिमालयन?

वाटसरू_सातारा

नमस्कार. मी साताऱ्यात राहते. रोजच्या कामाला स्कूटर आहे, पण गेले वर्षभर मैत्रिणीच्या गाडीवर पाणंद रस्ते आणि माळरान फिरल्यावर आता स्वतःची वेगळी गाडी घ्यावी असे ठरवले आहे. गाडी जुनीच घ्यायची आहे, कारण कच्च्या वाटेवर ती पडणार हे गृहीत धरले आहे आणि नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा बघवणार नाही. मात्र तिला नंबरप्लेट, विमा आणि सगळी कागदपत्रे हवीत. घरापासून चाळकेवाडीच्या पठाराकडे, पाटणच्या खोऱ्यात किंवा माण तालुक्यातल्या माळावर ती डांबरी रस्त्यानेच चालवत न्यायची आणि संध्याकाळी तशीच परत आणायची आहे. टेम्पोत घालून न्यावी लागणारी गाडी माझ्या उपयोगाची नाही.

माझी उंची पाच फूट चार इंच आणि वजन ५८ किलो आहे. दुरुस्ती आणि नाव बदलण्याचा खर्च धरून एक लाख वीस हजारांपर्यंत जाता येईल. हिरोची जुनी इम्पल्स, एक्सपल्स २०० आणि रॉयल एन्फिल्डची ४११ सीसीची हिमालयन असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. यांतली कोणती घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोर उभी केलेली जुनी गाडी नेमकी कशी तपासावी, हे जाणकारांनी सांगावे.

पाणंदवाला

ताई, तुम्ही वजन आणि उंची दोन्ही आधीच सांगितलीत, त्यामुळे निम्मे काम सोपे झाले. आपल्याकडे या गाड्यांची चर्चा अश्वशक्तीपासून सुरू होते, पण सह्याद्रीतल्या वाटांवर पहिला प्रश्न वजनाचा असतो. ओढ्याच्या काठावर उतारात आडवी पडलेली गाडी तुम्हाला एकटीला उभी करता आली पाहिजे. इम्पल्स १३४ किलोची आहे, बीएस-४ (प्रदूषण मानकाचा जुना टप्पा, बीएस-६ हा त्यानंतरचा) एक्सपल्स १५४ किलोची, बीएस-६ एक्सपल्स १५७ किलोची आणि बीएस-६ हिमालयन १९९ किलोची. कागदावर इम्पल्स आणि हिमालयन यांच्यातला फरक ६५ किलोंचा दिसतो, पण उतारावर, ओल्या मुरमात पाय घसरत असताना तो याहून कितीतरी मोठा वाटतो.

उचलण्याची चाचणी घरीच करता येते. कोणाची तरी गाडी गवतावर हळूच आडवी करा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ गाडीकडे करून सीटला कंबर टेकवा आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत ती उभी करा. लागोपाठ तीनदा जमले तर ती गाडी तुमची. ही चाचणी केल्याशिवाय हिमालयनचा विचारही करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोंगरी_हवालदार

वरच्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. हिमालयन जड आहे हे खरे, परंतु तिच्या सीटची उंची ८०० मिलिमीटर आहे आणि एक्सपल्सची ८२३. पाच फूट चार इंचांच्या चालकाला दोन्ही पाय जमिनीला टेकणे म्हणजे काय, हे उंच माणसांना कळत नाही. शिवाय ४११ सीसीच्या इंजिनाचा ३२ न्यूटन-मीटरचा टॉर्क (ओढण्याची ताकद) इतका खालून मिळतो की खडकाळ चढावर पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर जाते. सातारा ते दहिवडी आणि पुढे म्हसवडपर्यंत जाऊन परत यायचे असेल, तर डांबरी रस्त्यावरचे तास हिमालयनवर सुखाचे जातात. २०० सीसीची गाडी ऐंशीच्या पुढे सतत ताणली की कंटाळा येतो.

घेतलीच तर २०१६ सालची कार्ब्युरेटरवाली बीएस-३ टाळा. २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन आले, २०१८ मध्ये दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मिळाले, आणि मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय थेट २०२० च्या बीएस-६ गाडीत आली. उतरणीवर मागचे चाक मुद्दाम लॉक करून गाडी वळवायची सवय असेल, तर मधल्या दोन वर्षांच्या गाड्यांत ते सरळ मार्गाने करता येत नाही.

पाणंदवाला

हवालदारसाहेब, टॉर्कबद्दल वाद नाही. पण पाय टेकतो तो सपाट जागेवर. तिरक्या वाटेवर खालच्या बाजूचा पाय ८०० काय आणि ८२३ काय, हवेतच राहतो, आणि तेव्हा गाडी किती जड आहे एवढेच उरते. शिवाय हिमालयनला पुढच्या चोचीसारख्या प्लास्टिकखाली चाकालगत दुसरा मडगार्ड आहे. माण-खटावची काळी माती जूनच्या पहिल्या पावसानंतर टायर आणि त्या मडगार्डच्या मध्ये अशी भरते की चाक फिरायचे थांबते, आणि मग काडीने माती कोरत बसावे लागते. एक्सपल्सचा मडगार्ड उंचावर असल्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मिस्त्री_कोल्हापूर

कोणती गाडी घ्यावी हे वरच्या मंडळींनी ठरवावे. मी फक्त तपासणीचे सांगतो, कारण गॅरेजवर येणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांचा आजार विकत घेण्याच्या दिवशीच दिसण्यासारखा असतो, फक्त कोणी वाकून पाहिलेले नसते.

विक्रेत्याला आधीच फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या हाताचा तळवा इंजिनाजवळ धरून पाहा. इंजिन कोमट असेल तर थंडीत सुरू व्हायला ती त्रास देते असे समजा, किंवा किमान पुन्हा सकाळी येऊन पाहा. गार इंजिन सुरू करून पहिले मिनिटभर नुसता आवाज ऐका. वरून येणारी बारीक टिकटिक व्हॉल्व्हच्या सेटिंगची असू शकते आणि तिची फार चिंता नको, पण खालून येणारा जड ठोक्याचा आवाज असेल तर तिथूनच परत फिरा.

यानंतर गाडीचा पुढचा भाग पाहायचा. एक्सपल्सला मधला स्टँड नसतो, म्हणून बॅशप्लेटखाली (इंजिनाच्या तळाला दगडांपासून वाचवणारा पत्रा) लाकडी ठोकळा किंवा वीट सरकवून पुढचे चाक अधांतरी करा. हँडल दोन बोटांनी, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध येताच हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे. तो बदलता येतो आणि फार महागही नाही, पण त्यावरून गाडीने किती आदळे सोसले हे कळते. मग फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा, म्हणजे ढिलाई असल्यास हाताला लागेल. फोर्कची चकचकीत नळी रुमालाने पुसून पाच-दहा वेळा पुढचा ब्रेक दाबत गाडी खाली दाबा आणि नळीवर तेलाची गोल रेघ उमटते का ते पाहा. नुसते सील गेले असेल तर खर्च माफक असतो, पण नळीवरून नख फिरवताना खरवड लागली तर नवे सील काही दिवसांतच पुन्हा फाटेल.

यापुढची जागा बहुतेक जण पाहत नाहीत. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडते, तिथे चासीच्या मानेवर लोखंडाचा छोटासा उंचवटा असतो. त्याला आम्ही स्टॉपर म्हणतो. दोन्ही बाजूंचे स्टॉपर टॉर्च लावून पाहा. एका बाजूचा चेपलेला, वाकलेला किंवा ताजा रंग दिलेला असेल, तर ती गाडी कधीतरी जोरात आपटली आहे, मग प्लास्टिक कितीही नवे असो. त्याच टॉर्चने मानेभोवतीच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी चीर आहे का तेही पाहा.

मागे जाऊन चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. ढिलाई लागली तर चाकाचे बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजलेले असतात. ओढ्या-नाल्यांतून फिरलेल्या आणि नंतर ग्रीस न घातलेल्या गाडीत हे हमखास सापडते. प्रत्येक स्पोकवर लहान पान्याने टकटक करा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो आणि ढिला बद्द वाजतो. चाक फिरवून फोर्कजवळ काडी धरा, म्हणजे रिमचा आउट (वाकडेपणा) दिसेल. थोडा आउट काढता येतो, पण रिमच्या कडेला दगडाचा खोल ठोसा असेल तर त्या रिमची किंमत वजा करूनच बोला.

बॅशप्लेट काढायची परवानगी मागा, चार बोल्टचे काम आहे. इंजिनाच्या तळाशी एम-सील लावून झाकलेली चीर मी अनेकदा पाहिली आहे. ऑईल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. एअर फिल्टरची पेटी उघडून फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर ती धूळ सिलेंडरमध्येही गेली आहे, आणि अशा गाडीचे मीटर पाच हजार किलोमीटर दाखवत असले तरी पिस्टन-रिंगांचे वय त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

सर्वात शेवटी चालवून पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर एकदम पिळा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेटा गेल्या आहेत. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब किंवा फ्यूज काढून दोष लपवला आहे असे समजा.

जांभा_आणि_चिखल

मिस्त्रीकाकांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी सिंधुदुर्गात इम्पल्स चालवतो, म्हणून तिच्याबद्दल लिहितो. २०११ च्या अखेरीस ती आली तेव्हा आपल्या बाजारात या प्रकारची दुसरी गाडी जवळजवळ नव्हती, त्यामुळे जुन्या लोकांचे तिच्यावर प्रेम आहे. हलकी आहे, साधी आहे, कार्ब्युरेटर कोणत्याही खेड्यात साफ होतो, आणि इंजिन मुळात हंक व सीबीझेड एक्स्ट्रीमच्या कुटुंबातले, १४९.२ सीसीचे असल्यामुळे त्याचे बरेचसे भाग अजून मिळतात. अडचण येते ती इंजिनाबाहेरच्या भागांची. मडगार्ड, टाकीचे प्लास्टिक, मागचा शॉक आणि फोर्कचे आतले सामान शोधताना गावोगावच्या भंगारवाल्यांशी ओळख करून घ्यावी लागते. मला ते आवडते, पण पहिलीच गाडी घेणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ मध्ये नोंदलेल्या इम्पल्सची मुदत २०२६ मध्ये संपते आणि २०१२ ची २०२७ मध्ये. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीसाठी नेऊन पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो. "स्वस्त मिळाली" म्हणून घेतलेली इम्पल्स या हिशेबात तितकीशी स्वस्त राहत नाही. तपासणीला नेताना आरसे, इंडिकेटर, मूळ सायलेन्सर सगळे जागेवर लागते, आणि कच्च्या वाटेवर वापरलेल्या गाडीचे हेच भाग आधी गायब झालेले असतात.

विमावाले_काका

कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण गाडी चांगली पण कागद अडलेले, अशी प्रकरणे माझ्याकडे सतत येतात.

आर.सी. (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) वरचा चासी क्रमांक आणि गाडीच्या मानेवर कोरलेला क्रमांक आपल्या डोळ्यांनी, एकेक अक्षर करून जुळवा. मानेवर चिखल वाळलेला असतो, तो पुसायला लाजू नका. आर.सी. वर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "कर्ज फेडले आहे, फक्त नोंद काढायची राहिली आहे" हे वाक्य ऐकले की व्यवहार तिथेच थांबवून नोंद निघेपर्यंत वाट पाहणे उत्तम. थकलेले ई-चलान परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून दिसतात. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने नुसत्या सह्या करून दिलेले कोरे फॉर्म घरी आणून ठेवू नका, अर्ज ताबडतोब दाखल करा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर गाडीचे नुकसान झाले तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

दक्षिण महाराष्ट्रात गोवा किंवा बेळगावकडची गाडी पाच-दहा हजारांनी स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. अशा गाडीला तिथल्या आरटीओचे फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, इथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. तिकडचा कर परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळे हेलपाटे. एक लाख वीस हजारांच्या आतल्या व्यवहारात मी तरी हा मार्ग घेणार नाही.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत, म्हणजे उत्पादकाने नोंदवलेल्या वैशिष्ट्यांत, परवानगीशिवाय बदल करता येत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि कापलेला मागचा मडगार्ड या गोष्टी फोटोत छान दिसतात, पण त्यांचा त्रास नव्या मालकाला होतो. मूळ भाग विक्रेत्याकडे पडून असतील तर ते सौद्यातच मागून घ्या.

बे_एरियातला_सांगलीकर

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, हा प्रश्न बराच वेगळा असल्यामुळे थोडक्यात लिहितो. इथे सुझुकीची डीआर-झेड ४०० एस किंवा डीआर ६५० यांसारख्या, कारखान्यातूनच दिवे आणि नोंदणीसह आलेल्या गाड्या जुन्या बाजारात भरपूर मिळतात. डीआर ६५० तर १९९६ पासून जवळजवळ तशीच आहे, त्यामुळे वीस वर्षांची गाडीही भाग मिळण्याच्या दृष्टीने तरुणच असते. काही राज्यांत निव्वळ मैदानी गाडीला दिवे, आरसे लावून रस्त्याची नोंदणी मिळवता येते. कॅलिफोर्नियात मात्र ती वाट बंद आहे. भारतात कोणी आयात केलेली मोटोक्रॉसची गाडी "नंतर पासिंग करून देतो" म्हणून विकत असेल, तर कृपया त्या वाटेला जाऊ नका.

मिस्त्री_कोल्हापूर

सांगलीकरांशी पूर्ण सहमत. नंबरप्लेट नसलेली एक मैदानी गाडी आमच्याकडे दोन वर्षे झाकून पडली आहे. मालकाला ती ना चालवता येते ना विकता येते.

वाटसरू_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात दोन एक्सपल्स पाहून आले. उचलण्याची चाचणी मैत्रिणीच्या एक्सपल्सवर केली आणि ती जमली. एका ओळखीच्यांच्या हिमालयनवरही प्रयत्न केला. पहिल्यांदा उभी राहिली, दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडली, तेव्हा तो पर्याय मी बाजूला ठेवला आहे.

पहिली गाडी पुण्यात, २०१९ ची बीएस-४, रॅली किट बसवलेली. दिसायला देखणी आहे. किटमुळे पुढचे सस्पेन्शन २५० मिलिमीटरचे झाले आहे आणि सीट इतकी उंच, की माझ्या एका पायाचा फक्त अंगठा जमिनीला लागत होता. गाडी आधीच गरम करून ठेवलेली होती. डाव्या बाजूचा स्टॉपर चेपलेला दिसला, त्याबद्दल विचारल्यावर "कंपनीतूनच तसा आला" असे उत्तर मिळाले. मूळ फोर्क आणि शॉक विकून टाकले आहेत. किंमत एक लाख पाच हजार.

दुसरी कराडजवळच्या एका गावात, २०२१ ची बीएस-६, दोन व्हॉल्व्हची. मालक शेतकरी आहेत, रोज मळ्यात जाण्यासाठी वापरतात. मीटर २६ हजार किलोमीटर दाखवते. प्लास्टिकवर ओरखडे, सीट फाटलेली, हँडल किंचित वाकलेले. मी जाईपर्यंत गाडी सुरू केलेली नव्हती आणि पहिल्याच बटणाला सुरू झाली. स्टॉपर दोन्ही बाजूंनी स्वच्छ. हँडल मधोमध अडते, म्हणजे कोनसेट गेला असावा. उजव्या फोर्कवर तेलाची रेघ आली, पण नळीवर नखाला काही लागले नाही. मागच्या चाकाचे तीन स्पोक बद्द वाजले. एअर फिल्टर काळाकुट्ट होता, पण आतल्या बाजूला बोटाला धूळ लागली नाही. ऑईल काळे होते, दुधाळ नाही. चेन ओढली तर मागच्या दात्यांवरून निम्मी वर उचलली जाते. आर.सी. वर बोजा नाही, दोन चलान थकलेली आहेत. ते ८८ हजार सांगत आहेत.

दोन प्रश्न. २६ हजार किलोमीटर फार झाले का? आणि ८२३ मिलिमीटरची सीटसुद्धा मला थोडी उंच वाटते, ती खाली करता येईल का?

मिस्त्री_कोल्हापूर

ताई, दुसऱ्या गाडीचे तुम्ही केलेले वर्णन वाचून मला ती न पाहताही आवडली. शेतकऱ्याची गाडी मळलेली असते, पण तिला कोणी दगडांवरून उडवलेले नसते. कोनसेट, फोर्कची दोन्ही सीले आणि तेल, चेन-स्प्रॉकेटचा संच, एअर फिल्टर, इंजिन ऑईल, स्पोक आवळणे आणि हँडल. ही सगळी झिजणाऱ्या भागांची कामे आहेत, एकही काम इंजिन खोलण्याचे नाही. कंपनीचे सुटे भाग लावून आणि मजुरी धरून दहा-बारा हजारांत हे बसावे. २६ हजार किलोमीटर या इंजिनाला फार नाहीत, ऑईल वेळेवर बदलले गेले असेल तर. शेतावरच्या वापरात गाडी मंद चालते आणि इंजिन तापते, म्हणून ऑईल किती वेळाने बदलत होते हे मालकांना सहज गप्पांत विचारा. बीएस-६ ला ऑईल कूलर आलेला आहे, बीएस-४ ला तो नव्हता, आणि चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या चालकासाठी हा फरक मोलाचा आहे.

पहिल्या गाडीबद्दल एवढेच, की स्टॉपर चेपलेला कोणत्याही कारखान्यातून येत नाही.

पाणंदवाला

सीटच्या उंचीबद्दल. मागच्या शॉकला लांब पट्ट्या लावून गाडी खाली बसवण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) आपण ज्यासाठी पैसे देऊन घेतो, तोच त्यात जातो, आणि गाडीची वळण्याची रीतही बिघडते. तुम्ही घेत असलेल्या गाडीची सीट फाटलेलीच आहे. कव्हर बदलताना सीटवाल्याकडून मधला फोम दीड-दोन सेंटिमीटर कमी करून घ्या आणि पुढच्या बाजूला सीट अरुंद करून घ्या. अरुंद केल्याने मांड्या जवळ येतात आणि पाय प्रत्यक्षात अधिक खाली पोचतो. शिवाय तुमचे वजन ५८ किलो असल्यामुळे मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) मऊ बाजूला ठेवता येईल.

थांबताना दोन्ही पायांचा हट्ट सोडा. कंबर एका बाजूला सरकवून एकच पाय पूर्ण टेकायचा आणि तो नेहमी चढाच्या बाजूचा. ही सवय पठाराच्या कडेला सरावाने लागते.

डोंगरी_हवालदार

माझा हिमालयनचा आग्रह मी मागे घेतो, निदान या प्रकरणापुरता. चार व्हॉल्व्हच्या एक्सपल्ससाठी थांबावे का, असेही कोणी विचारेल, म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०२१ पासून आलेल्या त्या गाडीचे इंजिन वरच्या वेगात अधिक मोकळे आहे आणि महामार्गावर फरक जाणवतो, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमधल्या वाटांवर दोन व्हॉल्व्हची गाडी कमी पडत नाही. पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान घेतले की चढावर ती आणखी शांत चालते. संच बदलणारच आहात, तर तेव्हाच विचार करा.

फिरण्याच्या जागांबद्दल एक सूचना. कोयना अभयारण्य हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय गाडी नेणे हा गुन्हा आहे. कासच्या पठारावर तर फुले नसतानाही चाक घालू नये. पाणंद, गाडीवाट आणि धरणाच्या बांधकामाचे जुने कच्चे रस्ते एवढेच तुमच्या भागात पुष्कळ आहेत. उभ्या पिकाच्या बांधावरून मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका. एकाच्या चुकीने साऱ्या गावाची वाट पुढच्यांना बंद होते.

वाटसरू_सातारा

सौदा ८० हजारांवर ठरला. मालकांनी सांगितले की मळ्यातल्या फवारणीच्या पंपाचे ऑईल बदलतात त्याच वेळी गाडीचेही बदलतात, आणि जुन्या डब्यांची रांग गोठ्यात दाखवली. थकलेली चलाने त्यांनी माझ्यासमोर भरली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून अर्ज त्याच दिवशी दाखल केला. विम्याचे हस्तांतर उद्या करते.

आता शेवटचा प्रश्न. टायर मूळचेच आहेत, मागच्याचे गुटके मधोमध झिजले आहेत. लगेच पूर्ण मैदानी टायर घालावेत का? आणि सोबत काय ठेवावे?

मिस्त्री_कोल्हापूर

अभिनंदन. पूर्ण मैदानी टायर डांबरी रस्त्यावर लवकर झिजतात आणि पावसात वळणावर घसरतात. तुम्ही घरापासून चालवत जाणार, तेव्हा मागे १२०/८०-१८ मापाचा मूळच्यासारखाच दुहेरी वापराचा टायर घाला, पुढचा अजून चालेल. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी करा, पण वीस पीएसआयच्या फार खाली जाऊ नका, कारण हे ट्यूबचे टायर आहेत. हवा फार कमी असेल तर रिमवर टायर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो.

सोबत पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब अवश्य ठेवा. १८ इंची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळून जाते, २१ इंची बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि अडचणीच्या वेळी २१ ची ट्यूब १८ च्या चाकातही कशीबशी घालून घरी येता येते. टायर काढायच्या दोन पट्ट्या, हातपंप, चेनची एक सुटी कडी, क्लच आणि ब्रेकचे एकेक लिव्हर, आणि मागच्या चाकाच्या नटाला बसणारा पाना. तो पाना गाडीच्या किटमध्ये आहे का ते घरीच पाहा आणि त्याने नट खरोखर सुटतो का तेही एकदा करून बघा. मळ्यातल्या गाडीचा तो नट गंजून बसलेला असतो. सुटत नसेल तर गाडी माझ्याकडे किंवा जवळच्या कोणाकडे नेऊन तो काढून, ग्रीस लावून परत बसवा. कोनसेटचे काम करतानाच हे सांगितलेत तर वेगळी मजुरी पडणार नाही.